खालच्या बोरीची खूण

दस्तगीरभाई,

तुमच्या मातीला मी उघड्या डोक्यानं आलो. घाईत टोपी खुंटीलाच राहिली. कबरस्तानाच्या तोंडाशी तुमच्या मेहुण्यांनी मागून येऊन माझ्या टकलावर रुमाल टाकला आणि त्याची टोकं कानांमागं खोचून दिली. सगळे खाली माना घालून चाललेले, आणि मला मात्र तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "झाको नक्को जी, ऊपरसे दिखने देव." मला हसू फुटलं. भर मातीच्या वेळी. शेजारी पाटील होते, त्यांना वाटलं मास्तरांना हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग खरोखरच हुंदका आला, तोवर त्यांनी हात काढून घेतलेला होता.

शाळेतले दुसरे मास्तर म्हणाले, त्यांच्यावर चार शब्द लिहा. जन्म, शिक्षण, फौजेतली कामगिरी. जन्माचं तुमचं तुम्हालाच ठाऊक नव्हतं. "बड्या दुष्काळाच्या आगंमागं" एवढंच सांगायचात. शिक्षण विचारलं तर म्हणायचात, "घोड्यांपाशी झालं." तेव्हा ते राहू दे. मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय. एक गोष्ट सांगायची राहून गेली. तुम्ही समोर बसलेले असताना सांगायची होती, पन्नासदा ओठांवर आली, आणि पन्नासदा मी चहा मागितला. तिथवर येईपर्यंत नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आपली ओळख माझ्या भाजलेल्या हातांनी झाली. लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बांधल्या होत्या, ते दिवस. नळदुर्गाहून येणारी मोटार येडशीच्या अलीकडच्या चढावर दमली. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं आणि म्हणाला, ढकला. लोक शहाण्यासारखे दोन्ही बाजूंना लागले. मी, वर्गात शास्त्र शिकवणारा माणूस, सरळ मागं गेलो आणि दोन्ही तळवे त्या भट्टीवर टेकवले. पायानं अधू म्हणून तुम्ही एकटेच आत बसून होता, मांडीवर लाकडी पेटी घेऊन. माझी बोंब ऐकून बाहेर डोकावलात.

"काय मास्तर, नाडी बघत होता काय तिची?"

टोपी-छत्री बघूनच तुम्ही मला मास्तर ठरवून टाकलं होतं. पेटीतलं कसलंसं मलम माझ्या हातांना लावलंत आणि डोंगराकडं बोट केलंत. येडशीच्या रानावर धुराचे चार-पाच उभे दोरे वर चाललेले. तिथं झाडं जाळून कोळसा पाडायचं काम चालू होतं. "वो देखो. ये मोटार पहाड खाके चलती. तुमचे तर नुसते हात भाजले."

तुम्ही नळदुर्गच्या बाजारातलं, मागं पडदा टांगून लोकांचे फोटो काढायचं दुकान मोडून आमच्या गावात मेहुण्याकडं राहायला निघाला होता. मला वाटलं, म्हातारपणी माणूस निवांत बसायला आलाय. माझे अंदाज असेच असतात.

पहिल्या लढाईत तुम्ही घोड्यांची देखभाल करायला मिसर देशी गेला होता, घोड्यानंच पाय मोडला, आणि मग तुम्हाला विमानवाल्यांच्या तंबूत पाणी वाहायला लावलं. विमानातून काढलेल्या फोटोंच्या काचा त्या पाण्यात धुतल्या जायच्या. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की ते वाळवंट मला आपल्या शिवारासारखं पाठ झालंय. एका काचेत तुम्हाला नदी दिसली. जिथं तुमची घोडी महिनाभर बांधलेली होती, पाण्याच्या थेंबासाठी जिथं माणसं शिव्या देत होती, तिथंच, वाळूखाली मेलेल्या नदीचं वळण. "महिनाभर मी तिच्या छातीवर झोपत होतो मास्तर, आणि मला पता नाही. जमिनीवर चालणाऱ्याला जमीन दिसतच नाही. स्वतःचे पाय दिसतात."

आपल्या गावात आल्यावर आठ दिवसांत तुम्हाला जे दिसलं ते आम्हाला जन्मभर दिसलं नव्हतं. डोंगराच्या कुशीत तळं, तळ्याला बांध, बांधाखाली वस्ती. तळं भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून माळावर उतरतं आणि ओढ्याला मिळतं. त्या वाटेवर माळाला एक घळ पडलेली. पूर्वी ती गुडघाभर होती. कोळशासाठी झाडं तुटून डोंगर उघडा पडत गेला तसं पावसाचं पाणी वर थांबेना, सांडवा वेड्यासारखा वाहू लागला, आणि घळ ओढ्याकडून बांधाकडं सरकत निघाली. पाणी खाली जातं आणि घळ वर चढते, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी वर्गातला आवाज काढून म्हटलं, "ते शक्य नाही." तुम्ही वाद घातला नाहीत. मला घळीच्या तोंडाशी नेऊन उभं केलंत. पायाखालचं ढेकूळ सुटलं आणि मी शास्त्र समजून घेत घेत खाली गेलो.

"अब समझे?" तुम्ही वरून विचारलंत.

घळ बांधाच्या पायथ्याला भिडली की एखाद्या जोराच्या पावसात बांध फुटणार आणि खालची वस्ती ओढ्यात जाणार, एवढं साधं होतं सगळं. घळीत पाणी अडवायला दगडाच्या ताली, म्हणजे आडवे बांध, घालायचे आणि तळ्यावरच्या डोंगराची तोड थांबवायची अर्जी तहसीलीत द्यायची, हा उपाय. पण त्याला गावाचे हात लागणार होते आणि पाटलांची सही. गाव म्हणत होतं, घळ काय आजची आहे? आज्या-पणज्यापासून आहे ती. रोज बघणाऱ्याला ती जागच्या जागीच दिसते. म्हणून तुम्ही पतंग काढलात.

भाभी हैदराबादच्या पतंगवाल्यांच्या घरातल्या, हे मला तेव्हा कळलं. पुरुषभर उंचीचा कापडी पतंग त्यांनी बांबूच्या कामट्यांवर चढवला. पतंगाला तोल देणारी दोऱ्याची कण्णी बांधायला तर त्या तुम्हालाही हात लावू देत नसत. पतंगाखाली कॅमेऱ्याची पेटी टांगायची, आत एकच काच. पेटीचा डोळा उघडणारी कळ एका दोऱ्यानं रोखून धरलेली, आणि त्या दोऱ्याला टेकवलेली पेटती उदबत्ती. पतंग वर चढेपर्यंत उदबत्ती जळत यायची, दोरा तुटायचा, खट्, फोटो. उदबत्ती तुम्ही दर्ग्यापुढच्या दुकानातून आणायचात. जाड, काळी, सावकाश जळणारी. बोटाच्या पेरांनी तुम्ही तिची वेळ मोजायचात.

पहिल्याच खेपेला ती संपली होती. मी म्हटलं, हात्तिच्या, उदबत्तीचं काय एवढं, आणि घरातून देवापुढची आणली. मोगऱ्याची. बारीक. वास उत्तम होता. पतंग माझ्या डोक्यावर जेमतेम दोन माणसं उंच गेला असेल, वाऱ्यानं माझी टोपी उडाली, ती बघायला मी खाली वाकलो, आणि वर खट् वाजलं. तुम्ही अंधाऱ्या खोलीत काच धुवून आलात ते तोंड एवढंसं करून.

"मुबारक मास्तर. गावाचा पहिला हवाई फोटो. पूरा उजाड माळ आलाय."

तो फोटो तुम्ही फेकला नाहीत. चावडीत नेलात, पाटलांना दाखवलात, "हे पुढचं कपाळ, इथनं झाडी गेली, हळूहळू वर सरकत सरकत शेंडीपर्यंत आली, मास्तरांना रोज आरशात बघूनसुद्धा कळलं नाही," असं व्याख्यान दिलंत. लोक पोट धरून हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पण त्यातनं एक गोष्ट निघाली. तुम्ही म्हणालात, वरून दिसायला खूण अशीच लखलखीत पाहिजे. "मास्तरांना रोज उन्हात उभं करता येत नाही. चुना टाकू." त्या दिवसापासून माळावर चुन्याचं कडं टाकायचं काम माझ्याकडं आलं. (काचांची नवी पेटी उन्हात उघडून "नीट आहेत का बघतो" म्हणणारा माणूस मीच. त्यानंतर पेटीला हात लावायची मला बंदी होती, तेव्हा चुनाच उरला होता.)

घळ आणि तळं यांच्या मधल्या माळावर दोन बोरी होत्या. खालची घळीजवळ, वरची तिच्यापलीकडं, बांधाच्या बाजूला. खालच्या बोरीपासून बांधाकडं तोंड करून चाळीस पावलं, तिथं चुन्याचं कडं. गेल्या साली संक्रांतीनंतर, सकाळचं ऊन तिरपं असताना (खोली सावलीनं कळते, हे तुमचं वाक्य), तुम्ही पहिला फोटो काढलात. काय सुंदर आला होता. पांढरं कडं, आणि खाली बऱ्याच अंतरावर घळीचं काळं तोंड. यंदा पावसाळा सरल्यावर, पुन्हा संक्रांतीनंतर, त्याच उन्हात दुसरा काढायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि गावाला दाखवायचं, घळ कड्याच्या किती जवळ आली ते.

यंदा मी चुन्याची बादली घेऊन गेलो. पाय दुखत होता म्हणून तुम्ही बांधावर पतंगापाशी थांबलात. मला बोर दिसली. तिथनं चाळीस पावलं मोजली, कडं टाकलं, हात हलवला. एकच बोर दिसतेय, दुसरी कुठं गेली, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. पोरांना रोज म्हणतो, नीट बघा. स्वतः बघताना शाळा सुटलेली असते.

मग चावडी. तुम्ही दोन्ही फोटो भिंतीला टेकवून ठेवलेत. पाटील जवळ गेले, लांब आले, पुन्हा जवळ गेले.

"दस्तगीरभाई, कडं हितं, घळ हितं. औंदाबी कडं हितं, घळ हितं. एक बोटाचाबी फरक न्हाय की वं."

तुमचा चेहरा मी बघत होतो. तुम्ही फोटो हातात घेऊन दाराशी उजेडात गेलात.

बांधाच्या अगदी खाली राहणारी गोदाबाई शेळ्या सोडून मुद्दाम आली होती. तिनं दुसऱ्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आन् ही काळी पट्टी कशाची वं? पयल्या फोटूत तर न्हाय ती."

आणि दस्तगीरभाई, तिला उत्तर मी दिलं. कुणी विचारलं नव्हतं मला. "धुताना डाग पडला असेल," मी म्हटलं. मग पाटलांनी "तरीबी असं कसं?" विचारल्यावर आणखी एक कारण पुढं केलं, "वाऱ्यानं पतंग सरकला असेल." तुमच्या धुण्यात खोट आणि तुमच्या पतंगात खोट. माझ्या पावलांत खोट असेल हे मला, शपथेवर सांगतो, तेव्हा सुचलंच नव्हतं. लोक हसत उठले. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांच्या डोईचाच फोटू झ्याक व्हता." तुम्ही फोटो कापडात गुंडाळलेत. जाताना माझ्याकडं एकदा बघितलंत. रागानं नाही. मला वाटतं, त्या उजेडातच तुम्हाला ती पट्टी कळली होती.

मला कळायला बारा-पंधरा दिवस लागले. खालच्या बोरीची बोरं लई गोड, म्हणून पिशवी घेऊन गेलो. बोर नव्हती. घळीच्या काठावर उभं राहून खाली बघितलं, तर ती उताणी पडलेली, मुळं आभाळाकडं, फांद्यांना अजून चार सुकली बोरं. घळीनं तिला गिळलं होतं. मी वरच्या बोरीपासून मोजलं होतं. घळ जेवढी पुढं सरकली, तेवढीच मी खूणही पुढं सरकवली. आणि फोटोच्या कोपऱ्यातली काळी पट्टी म्हणजे आपल्या तळ्याचा बांध होता. कडं बांधाच्या इतकं जवळ गेलं होतं की बांधाची कड फोटोत आली होती.

तिथंच काठावर बसलो. पिशवी रिकामी. आणि पहिला विचार काय आला, सांगू? गाव हसेल. बांध फुटेल हा दुसरा आला. हा क्रम मी बदलून लिहिणार नाही.

तुमच्याकडं यायचं मी सोडलं नाही. रोज यायचो, सांगायचं म्हणून यायचो. आणि तुम्ही विचारायचात,

"मास्तर, यंदा खालच्या बोरीची बोरं नाही आणली?"

मी म्हणायचो, "यंदा कमी आली."

दोन दिवसांनी पुन्हा, "मास्तर, वरच्या बोरीची कशी आहेत? आंबट?"

मी म्हणायचो, "बरी आहेत. भाभी, चहा?"

एकदा तर तुम्ही सरळ म्हणालात, "बोरीची दोन झाडं होती ना हो तिथं? का मला म्हातारपणी एकाची दोन दिसतात?" मी म्हटलं, "डोळे दाखवून घ्या." तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. तुम्ही मला दार उघडून धरत होता, आणि मी दरवेळी दाराशी चपला काढून पुन्हा घालून परत जात होतो. हे आता कळतं.

त्या दिवसांत आपला वादही जुंपला होता. मी म्हणायचो, फोटो बघून कुणी कुऱ्हाड खाली ठेवत नाही. माणूस हुकमानं थांबतो, नाहीतर भीतीनं. तुम्ही म्हणायचात, माणसाला एकदा वरून स्वतःचं घर दाखवा, मग बघा. मी म्हटलं, "मला माझं डोकं दाखवलंत, केस आले का?" तुम्ही म्हणालात, "केस नाही आले. पण टोपी काढायची शरम गेली." या वादाचा निकाल लागलेला नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात.

ताप आला तेव्हा मला वाटलं, चार दिवसांत उतरेल. माझे अंदाज मघाशीच सांगितले. शिमगा आठ दिवसांवर होता.

माती झाल्यावर मी तुमच्या घराकडं फिरकलो नाही. मग महिन्याभरानं भाभींनी निरोप पाठवला. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने घराबाहेर पडायचं नसतं त्यात, म्हणून पडद्याआड बसून बोलल्या. तुमच्या मेहुण्यांनी पेटी बाहेर आणून माझ्यासमोर ठेवली. दोन्ही काचा, दोन्ही फोटो, आणि एक गाठी मारलेली लांब दोरी.

"मास्तर," भाभी आतून म्हणाल्या, "त्यांना सगळं मालूम होतं."

मी दोरीच्या गाठी मोजायला लागलो.

"मीच बोलले त्यांना, जाव, सांगून टाका चावडीत. तर म्हणाले, मास्तर खुद बोलेगा. देरसे बोलेगा, पण बोलेगा. शिमग्यापर्यंत थांबतो. नाही बोलला तर मग मी जातो, पावसाळा काही मास्तरसाठी थांबत नाही."

"ही दोरी कसली?" मी विचारलं.

"सांडव्याच्या दगडापासून मोजा म्हणाले होते. झाड जातं, म्हणाले. दगडापासून मोजायला पाहिजे होतं, ती चूक माझीपण आहे, म्हणाले."

दस्तगीरभाई, ते वाक्य मला तेव्हा ऐकवलं नाही. सगळं माझं, आणि त्यात वाटा मागायला तुम्ही पडद्याआडून येता.

मी दोरी घेऊन सांडव्यापाशी गेलो. शेवटची गाठ जिथं आली तिथं मातीत एक दगड पुरलेला होता, चुन्यानं रंगवलेला, गुडघ्याएवढा. गेल्या सालच्या कड्याची जागा. तो पाय घेऊन तुम्ही तिथवर कधी गेलात, दगड कुणाच्या मदतीनं उचललात, मला सांगता येणार नाही. दगडापासून घळीचं तोंड सहा पावलांवर आहे. मी तीनदा मोजली. माझी पावलं आता मी तीनदा मोजतो.

शुक्रवारी चावडीत गेलो. पाटलांना म्हटलं, मंडळी बोलवा, मला बोलायचंय. सगळे आले, कारण मास्तर बोलणार म्हणजे करमणूक. मी दोन्ही फोटो भिंतीला टेकवले आणि पहिल्यातल्या बोरी मोजायला सांगितल्या. दोन. दुसऱ्यातल्या मोजायला सांगितल्या. एक. मग माझी चाळीस पावलं सांगितली, चुना सांगितला, घळीत उताणी पडलेली बोर सांगितली. हेही सांगितलं की मला हे मागंच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पाटील म्हणाले, "म्हंजी आमी ज्या फोटूला हसलो, त्यो खरा व्हता?"

"फोटो खरा होता. खूण खोटी होती."

"आन् डाग?" गोदाबाई मागनं म्हणाली. ती दारातच उभी होती, शेळीचं दावं हातात. "मला म्हनला व्हता, डाग हाय."

"डाग नव्हता. तळ्याचा बांध होता तो."

ती पुढं आली, त्या काळ्या पट्टीवर पुन्हा बोट ठेवलं, अगदी त्याच जागी. मग बोट थोडं बाजूला, फोटोच्या बाहेर, भिंतीच्या मातीवर टेकवलं. "मंग माजं घर हितं हाय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.

"डोईवर न्हाय ते न्हाय, मास्तर. आत तरी काय हाय का?" एवढं बोलून ती शेळी ओढत निघून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताना घळीत पहिला दगड पडल्याचा आवाज आला, तो तिच्या हातचा होता. दुपारपर्यंत खालच्या वस्तीतली अकरा माणसं दगड वाहत होती. मीही वाहिले. एक स्वतःच्याच पायावर टाकला. ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही धरूनच चालला असाल.

पाटलांनी अर्जीवर सही केली. तहसीलीत उर्दूच लागते, तो मजकूर मी लिहिला, दोन शब्दांचे हिज्जे चुकलो, मेहुण्यांनी दुरुस्त केले. पण तहसीलीत नुसती अर्जी द्यायची नाही, असं पाटीलच म्हणाले. "फोटू जोडा. खऱ्या खुणेचा." कोळशाच्या ठेकेदाराची माणसं अजून डोंगरावर आहेत. काल दिवसभर कुऱ्हाडी ऐकू येत होत्या, धुराचे दोरे आज सात होते. येडशी स्टेशनावर पोत्यांची थप्पी छताला लागलीय म्हणतात. तेव्हा आपला वाद कोण जिंकलं हे मी इतक्यात सांगणार नाही. अकरा माणसं फोटो बघून उठली, एवढं तुमच्या बाजूनं लिहून ठेवतो. बाकीचं पावसाच्या आधी बघू. ताली तीन झाल्यात, आठ घालायच्यात, आणि मी त्या घालून घेणार आहे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि माझ्याकडं गमावण्यासारखी अब्रू आता उरलेली नाही. या कामाला ते फार सोयीचं पडतंय.

उद्या सकाळी पतंग चढवायचा आहे. भाभींनी घरात बसून कापड बदललं, कण्णी बांधली आणि मेहुण्यांकडून बजावून पाठवलं की मास्तरांना गाठीला हात लावू देऊ नका. काच पेटीत मेहुणे घालतील. उदबत्ती दर्ग्यापुढच्याच दुकानातली आणलीय, जाड, काळी. दोनदा जाळून वेळ घेतली. दोरीची चरखी पाटील धरणार आहेत. त्यांनी स्वतःहून मागून घेतली. "लहानपनी म्या लई पतंग काटलेत," म्हणाले, आणि मग, "दस्तगीरभाईंचा तेवढा न्हाय काटायचा."

आणि खूण. गावातला चुना संपलाय. होता तेवढा गोदाबाईनं तालींच्या दगडांमधल्या फटींत भरून टाकला, आणि मागायची माझी छाती नाही. नवा बाजारच्या दिवशी येईल, पण वारा उद्याचा चांगला आहे. तुमच्या दगडावर धूळ बसलीय, वरून तो एकटा कितपत दिसेल कोण जाणे. मी विचार केला, पावलं मोजायची नाहीत, बोर बघायची नाही, चुकायला जागाच ठेवायची नाही.

तेव्हा उद्या ऊन तिरपं असताना मी तुमच्या दगडाला पाय लावून उभा राहणार आहे, घळीपासून सहा पावलांवर, मान खाली घालून, खट् वाजेपर्यंत न हलता. टोपी घरी खुंटीला ठेवून येईन. या वेळी मुद्दाम.